एक्स-रे उत्तम, पण मावशी रात्री पाणी पीत नव्हत्या

फाइलमध्ये सहाव्या आठवड्याची नोंद माझ्याच अक्षरातली होती. गुडघा १०५ अंशांपर्यंत वाकतो, काठीशिवाय चालतात, जिना जमतो, फिजिओथेरपी बंद. एक्स-रे बघून ऑपरेशन करणारे आमचे सर खूश झाले होते. आणि आता फोनवर मावशी मला सांगत होत्या की संध्याकाळी पाचनंतर त्या पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत.

"रात्री संडासला लागली तर काय करू, मॅडम? खाली बसायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय ना."

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला सहा महिने होऊन गेले होते. या सहा महिन्यांत त्या दोनदा तपासणीला आल्या, दोन्ही वेळा 'बरं आहे' म्हणाल्या आणि आम्ही 'बरं आहे' असं लिहून घेतलं. फोन केला नसता तर ते तसंच राहिलं असतं. तो फोन करण्याची पद्धत आमच्याकडे कशी सुरू झाली, त्यात काय काय अडलं आणि आम्ही काय बदललं, ते सांगावंसं वाटतं. कारण मूल्याधारित आरोग्यसेवा, म्हणजे किती उपचार केले यापेक्षा पेशंटला किती फरक पडला ते बघणं, हा शब्द आता बैठकांमधून, परिपत्रकांमधून सारखा ऐकू येतो. माझ्यापुरता त्याचा अर्थ मावशींच्या त्या न प्यायलेल्या पाण्यापाशी लागला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते कळव्याला आणि नवी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सतरा वर्षं काम करते आहे. आमच्याकडे स्वतः खर्च करणारे पेशंट येतात, मेडिक्लेमवाले येतात आणि योजनेतलेही येतात. योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, जी महाराष्ट्रात एकत्रितपणे राबवली जाते. तळमजल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल आहे, तिथे रेशनकार्डं आणि आधारकार्डं हातात धरलेली रांग सकाळी साडेआठपासून असते.

योजनेत प्रत्येक उपचाराचं एक पॅकेज ठरलेलं असतं. ऑपरेशन झालं, कागद वर गेले, क्लेम मंजूर झाला की हॉस्पिटलला तेवढे पैसे मिळतात. पेशंट घरी जाऊन चालू लागला की अंथरुणाला खिळला, याचा त्या रकमेशी संबंध नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जाहीर केलं की आयुष्मान भारतमधल्या हॉस्पिटलांची कामगिरी यापुढे पाच गोष्टींवर मोजली जाईल. लाभार्थ्याचं समाधान, पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण, पेशंटच्या खिशातून गेलेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि पेशंटच्या आरोग्याशी निगडित जीवनमानात झालेली सुधारणा. त्यावर आमच्या एमएस (वैद्यकीय अधीक्षक) मॅडमनी बैठक घेतली. पहिल्या चार गोष्टींची आकडेवारी कुठून तरी काढता येणार होती. पाचव्यापाशी सगळे गप्प झाले. जीवनमान सुधारलं की नाही, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पेशंटसोबत सगळ्यात जास्त वेळ फिजिओचा जातो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सुरुवात गुडघ्यांपासून करायची ठरली. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर पेशंटलाच प्रश्न विचारून निकाल मोजण्याची पद्धत जगात रुळलेली आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने एप्रिल २००९ पासून चार ऑपरेशनांसाठी ते सक्तीचं केलं. खुबा, गुडघा, हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा. पुढे २०१७ मध्ये हर्निया आणि शिरांचं बंद केलं, खुबा-गुडघ्याचं चालू ठेवलं. मला ही माहिती वाचून धीर आला. सगळंच मोजत बसायचं नसतं, जिथे उपयोग आहे तिथेच मोजायचं, हे एवढ्या मोठ्या यंत्रणेनेही अनुभवातूनच ठरवलं होतं.

आम्ही ऑक्सफर्ड नी स्कोअर हा फॉर्म घेतला. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. जितके गुण जास्त तितका गुडघा चांगला. प्रश्न साधे आहेत. गेल्या चार आठवड्यांत गुडघा किती दुखला? अंघोळ करताना, अंग पुसताना त्रास झाला का? गाडीत किंवा बसमध्ये चढता-उतरता आलं का? किती वेळ चालता आलं? जेवण झाल्यावर खुर्चीतून उठताना दुखलं का? गुडघे टेकून परत उठता आलं का? रात्री दुखलं का? घरचं काम अडलं का? गुडघा अचानक दगा देईल असं वाटलं का? बाजारहाट स्वतः केली का? जिना उतरता आला का? ऑपरेशनआधी एकदा विचारायचं, सहा महिन्यांनी विचारायचं, वर्षाने विचारायचं.

कागदावर हे दहा मिनिटांचं काम. जानेवारी २०२३ मध्ये सुरू केलं आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की आम्हाला विचारताच येत नाही.

आम्ही ओपीडीत, सरांच्या टेबलाशेजारी बसून विचारत होतो. ऑपरेशनआधी पेशंट दुखणं वाढवून सांगायचे, कमी सांगितलं तर ऑपरेशन मंजूर होणार नाही या भीतीने. ऑपरेशननंतर तेच पेशंट सगळं छान आहे म्हणायचे, कारण समोर डॉक्टर बसलेले, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या तोंडावर 'अजून दुखतं' कसं म्हणायचं? त्यातून सोबत मुलगा असला की उत्तरं तोच द्यायचा. 'आईला आता काही त्रास नाही.' आई खाली मान घालून पदराचं टोक चाळवत बसलेली. मी दोन-तीनदा तो फॉर्म तसाच भरला. त्या बायकांचे आकडे अजून आमच्या तक्त्यात आहेत आणि ते खोटे आहेत हे मला माहीत आहे.

मग जागा बदलली. विचारायचं ते आमच्या व्यायामाच्या हॉलमध्ये, पेशंट खाटेवर पाय मोकळे सोडून बसलेला असताना, आणि नातेवाइकांना त्या वेळात चहाला पाठवायचं. सरांनी तिथे यायचं नाही. प्रश्न विचारणारी व्यक्ती शक्यतो ऑपरेशनशी संबंध नसलेली. आमच्या एका सिस्टरना हे फार चांगलं जमतं. त्या आधी पेशंटच्या घरचं विचारतात, मग हळूच पहिल्या प्रश्नाला हात घालतात. प्रश्नाचे शब्द मात्र बदलत नाहीत, कारण शब्द बदलले की आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

सहा महिन्यांनंतरचे फोन ही वेगळीच कथा. फाइलवरचा नंबर शेजाऱ्यांचा असतो, सुनेचा असतो, नाहीतर रिचार्ज संपल्याने बंद असतो. सकाळी फोन केला तर बायका 'मग करा' म्हणतात. दुपारी दोन ते चार, भांडी आवरल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आधी, त्या निवांत बोलतात. माथाडी कामगार संध्याकाळी सातनंतर. आम्ही गुरुवारची दुपार ठरवली आणि दाखल होतानाच तीन नंबर घ्यायला लागलो, त्यातला एक घराबाहेरच्या माणसाचा.

फॉर्म संपल्यावर आम्ही एक प्रश्न जोडला होता. तो बारा प्रश्नांत नाही, गुणांतही धरत नाही, वेगळ्या कागदावर लिहितो. ऑपरेशनआधी विचारायचं, 'गुडघा बरा झाला की तुम्हाला काय करायचंय?' आणि नंतर, 'ते जमलं का?' मुंब्र्याचे एक चाचा म्हणाले, मला जमिनीवर सजदा करायचाय. कोपरखैरण्याचे एक माथाडी काका म्हणाले, गावच्या यात्रेला एसटीने जायचंय, पाटणला. एका शिक्षिका बाईंना ठाणे स्टेशनचा पूल कुणाचा हात न धरता चढायचा होता. सतरा वर्षांत मी कुणालाही असं विचारलं नव्हतं. मी विचारत आले होते, 'किती वाकतोय?'

काकांच्या उत्तरावरून आम्हाला एक गोष्ट करता आली. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते हे आपण रोज बघतो, पण हॉस्पिटलातल्या सरावाच्या पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या. काका आमच्या पायऱ्यांवर झरझर चढायचे. एसटीत चढताना एकाच दांड्याला धरून अख्खं अंग वर उचलावं लागतं, ते वेगळं. आमच्या सुतारमामांकडून मी लाकडाचा एक खोका करून घेतला. वाशी डेपोत जाऊन टेपने उंची मोजून आणली. खोक्याच्या शेजारी भिंतीत एक उभा दांडा ठोकला. काका तीन आठवडे त्यावर चढउतर करत होते. आता तो खोका हॉलच्या कोपऱ्यात असतो आणि सगळे त्याला एसटीच म्हणतात.

दिघ्याच्या मावशींचे गुण ऑपरेशनआधी १४ होते. सहा महिन्यांनी २६. त्यांच्यासारखाच गुडघा असलेले बाकीचे पेशंट तोवर पस्तिशीच्या पुढे गेलेले असायचे. आधी वाटलं, विचारण्यात काही चुकलं. म्हणून मीच पुन्हा फोन केला. दुखणं कमी होतं. पण बाहेर जाणं बंद, काम बंद, चालणं घरातल्या घरात. आणि मग ते पाण्याचं निघालं.

मी एका शनिवारी त्यांच्याकडे गेले. दिघा गाव स्टेशन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. स्टेशनातून चढ चढून दोन गल्ल्या आत, उघड्या गटारावरच्या फरशा ओलांडत. घर एका खोलीचं, माळा केलेला. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, सगळे इंडियन. ऑपरेशनआधी मावशी भिंतीला धरून कशाबशा बसायच्या. ऑपरेशननंतर आम्ही छापील कागदावर दिलं होतं: उकिडवं बसू नये, कमोड वापरावा. घरात कमोडची खुर्ची घेतली होती मुलाने. ती खाटेमागे पडद्याआड होती. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर मावशी ती एकदाच वापरायच्या आणि स्वतः साफ करायच्या. रात्री नाही. एका खोलीत मुलगा, सून, दोन नातवंडं झोपलेली, त्यांच्यादेखत कशी वापरणार? भांडं सुनेने उचलायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. म्हणून पाणी बंद, भात कमी, बाहेर जाणं नको.

सून माझ्याकडे बघत राहिली. "आईंनी कधी सांगितलंच नाही, मॅडम. मला वाटायचं, भूक कमी झालीय."

त्यांच्या तांब्यावर झाकण होतं आणि झाकणावर फुलपात्र उपडं. मी तिथे असेपर्यंत मावशींनी मला दोनदा पाणी विचारलं, स्वतः प्यायल्या नाहीत.

इंडियन संडासावर ठेवायचं लोखंडी स्टूल मिळतं. खाली चार पाय, वर कमोडसारखी सीट, घडी होते. किंमत त्या गुडघ्यात बसवलेल्या भागाच्या तुलनेत काहीच नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याचा दर ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला होता. असा सांधा पॅकेजमध्ये बसतो. स्टुलासाठी पॅकेजमध्ये रकाना नाही. आमच्या सोशल वर्करनी देणगीच्या निधीतून ते घेतलं. धाकट्या नातवाने जबाबदारी घेतली, आजी निघाली की स्टूल घेऊन पुढे जायची. घराबाहेर खिळ्याला टांगून ठेवतात. रात्रीचं अजूनही अवघड आहे, गल्लीत दिवा नसतो. पण संध्याकाळी मावशी पाणी पितात. वर्षाच्या फोनला त्यांचे गुण ३५ होते.

मूल्य या शब्दाची जी व्याख्या हार्वर्डच्या मायकल पोर्टर यांनी एलिझाबेथ टाइसबर्ग यांच्यासोबत २००६ मध्ये मांडली, ती अशी की पेशंटला ज्याचं महत्त्व वाटतं त्यात पडलेला फरक, भागिले तो फरक घडवायला झालेला सगळा खर्च. एकेका विभागाचा नाही, पहिल्या तपासणीपासून पूर्ण बरं होईपर्यंतचा. मावशींच्या बाबतीत खर्चाचा मोठा भाग होऊन गेला होता आणि फरक अर्ध्यावर अडकला होता, एका स्टुलासाठी. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा माझा आवाज चढला होता, ते मला आठवतं.

त्या दिवसापासून ऑपरेशनआधी घराची चौकशी करतो. संडास कसा आणि किती लांब, पाणी कुठून भरता, झोपता खाटेवर की खाली, जिने किती, दिवसा घरी कोण असतं. फिजिओला येण्याचा खर्चही विचारतो. घणसोलीहून रिक्षाने आठवड्यातून तीनदा यायचं, सोबत येणाऱ्याचा खाडा, हे कुठल्याच बिलात दिसत नाही, पण याच कारणाने लोक तिसऱ्या खेपेनंतर येणं बंद करतात. आता टाके काढायच्या दिवशीच सगळे व्यायाम पक्के करून घेतो, घरच्या माणसाकडून करवून बघतो आणि त्यांच्याच मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून देतो. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बघतो.

सरांचा विरोध होता. ते हाताने फार चांगले आहेत आणि मनानेही, म्हणून त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं. ते म्हणाले, "उद्या या गुणांवर पैसे ठरले, तर कोण हॉस्पिटल शंभर किलोच्या, मधुमेह असलेल्या, दोन्ही पाय वाकडे झालेल्या बाईला हात लावेल?" ही भीती खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं संरक्षण मिळालं, वय वंदना कार्ड घेऊन आजी-आजोबा येऊ लागले. त्यांना वय आहे, सोबत चार आजार आहेत. नुसते शेवटचे गुण बघितले तर हे सगळे पेशंट हॉस्पिटलचा निकाल खाली ओढतात. म्हणून आधीचे आणि नंतरचे यांतला फरक बघायचा, आणि वय, आजार, सुरुवातीची अवस्था यांचा हिशोब धरून बघायचा. इंग्लंडमध्ये हॉस्पिटलांचे आकडे असेच पेशंटची परिस्थिती जमेस धरून प्रसिद्ध करतात. ९ वरून ३० वर आलेली बाई ही २८ वरून ४० वर गेलेल्या माणसापेक्षा आमचं मोठं यश आहे. हे गणित मान्य झालं तेव्हा सर फॉर्मच्या बाजूने झाले.

त्यानंतरची एक घटना सरांचीच. बेलापूरजवळच्या एका गावठाणातल्या आगरी आजी, मासळी विकतात. गुडघा झिजलेला, एक्स-रे वाईटच, पण गुण ३३. आमचा वेगळा प्रश्न विचारल्यावर आजी म्हणाल्या, "मना पाटावर बसाला पायजे. बसल्याबिगर मासली कशी कापू?" सरांनी कागद वाचला आणि त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले. ऑपरेशननंतर जमिनीवर बसणं जवळपास सुटतं, हे त्यांनी आजींना तीनदा समजावलं. त्यांचं दुखणं तेव्हा गोळ्यांशिवाय झेपण्यासारखं होतं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, थोडं वजन उतरवणं, पाटाऐवजी उंच बैठक करून बघणं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटणं, असं ठरलं. ऑपरेशन झालं नाही. आजी रोज धंद्यावर जातात.

त्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलचा एक क्लेम कमी झाला. सरांनी दिलेल्या पाऊण तासाचे, मी शिकवलेल्या व्यायामाचे पैसे कुठल्याच पॅकेजमध्ये नाहीत. मला यात मनापासून वाईट वाटतं ते आमच्या उत्पन्नासाठी नाही. आमच्याकडे ट्रस्ट आहे, देणगी आहे, आम्ही निभावून नेऊ. पण जे हॉस्पिटल निव्वळ क्लेमवर चालतं, तिथल्या डॉक्टरला हे करायचं असेल तर तो तोट्यातच जाणार. गुरुवारचे फोन करायला सिस्टरची अर्धी पाळी जाते, तीसुद्धा कुठे धरलेली नाही. पाच निकष ठरवले हे योग्यच झालं. पण विचारण्यासाठी लागणारं माणूस आणि विचारल्यावर जे निघेल ते निस्तरण्यासाठी लागणारं स्टूल, हे दोन्ही पॅकेजच्या हिशोबात आलं पाहिजे. ही मागणी आम्ही लिहून वर पाठवली आहे, मावशींची गोष्ट नाव न घालता सोबत जोडली आहे.

काम चालू आहे. खुबा बदललेल्या पेशंटचा फॉर्म या वर्षी सुरू केला. नवीन आलेल्या मुलींना मी आधी हॉलमध्ये नुसतं बसून ऐकायला लावते, एक आठवडा. फॉर्म नंतर हातात देते.

गेल्या गुरुवारी कोपरखैरण्याच्या काकांना वर्षाचा फोन लावला. ते पाटणला होते, यात्रेला गेलेले, मागे ढोल वाजत होते. एसटीने गेलात का, विचारलं, तर म्हणाले, "एसटीनंच, उभा राहून आलो अर्धा रस्ता." मी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. काका प्रत्येक उत्तर ओरडून देत होते आणि शेजारचं कुणीतरी हसत होतं. नवव्या प्रश्नाला रेंज गेली. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे लिहिलंय, 'प्रश्न ८ पर्यंत झाले, सोमवारी गावाहून परत, संध्याकाळी सातनंतर.'